देवाने हाक दिली, घराने मुलगा दिला

पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडावे आणि रिक्षांच्या, दुकानांच्या गर्दीतून वाट काढीत पुढे चालू लागावे, की माणिकपूर लागते. एके काळचे हे गाव आता शहराच्या पोटात गेले आहे. नवघर-माणिकपूरची नगर परिषद २००९ साली वसई-विरार महानगरपालिकेत विलीन झाली, आणि २०११ च्या जनगणनेत या महानगराची वस्ती बारा लाखांच्या वर भरली. तरी या साऱ्या गजबजाटात सेंट मायकलचे जुने चर्च आपली जागा धरून आहे. पहाटे त्याची घंटा वाजते आणि पांढऱ्या झग्यातला एक गृहस्थ वेदीपाशी उभा राहतो. माणिकपूरची माणसे त्यांना ‘फादर’ म्हणतात.

हा फादर नावाचा माणूस आपल्यापैकी पुष्कळांना फक्त चित्रपटांतून ठाऊक असतो. तिथे तो मेणबत्त्यांच्या उजेडात मोडके-तोडके हिंदी बोलतो आणि नायकाला उपदेश करतो. वसईचा फादर मात्र अस्सल मराठी बोलतो. घरी गेला की त्याहूनही जुन्या वळणाची कादोडी किंवा वाडवळी बोली बोलतो. त्याचे आईबाप, चुलते, मामा याच पट्ट्यातले. केळीच्या बागा, पानवेली, भाजीचे वाफे आणि विहिरीवरचा रहाट या जगातून त्याच्या मागच्या पिढ्या आल्या. मग अशा घरातला मुलगा झगा का घालतो? घर-संसार का सोडतो? आणि तो गेल्यावर त्या घराचे काय होते?

पाचारण म्हणजे काय?

वसईच्या ख्रिस्ती समाजात यासाठी एक सुंदर मराठी शब्द आहे : पाचारण. धर्मगुरू होणे हा धंदा नव्हे, नोकरीही नव्हे; देवाने नाव घेऊन बोलावले म्हणून जायचे. पण ही हाक काही आकाशातून गडगडत येत नाही. ती बहुधा घरातच, फार हळू आवाजात ऐकू येते. संध्याकाळी सारे घर गुडघे टेकून जपमाळ म्हणते, त्यात ती असते. रविवारी वेदीवर फादरांना मदत करणाऱ्या पोरांच्या रांगेत ती असते. लाल लुगड्यातली आजी नातवाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणते, “आमच्यातला एक तरी देवाला लागू दे.” त्या शब्दांतही ती असते.

पूर्वी वाडीवरच्या घरात पाच-सहा मुले सर्रास असत. एक जमीन बघे, एक मुंबईला नोकरी धरी, एक मुलगी धर्मभगिनी होई आणि एक मुलगा सेमिनरीत जाई. त्याचा अभिमान सगळ्या गावाला वाटे. मात्र हाक ऐकली असे मुलाने म्हणून भागत नाही, ती पारखावी लागते. धर्मकायद्याप्रमाणे तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान यांचा मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास लागतो. त्याआधीची तयारी आणि मधली प्रत्यक्ष कामाची वर्षे धरली तर मॅट्रिकच्या पुढे दहा वर्षे सहज जातात. वयाची पंचवीस वर्षे पुरी झाल्याखेरीज दीक्षा मिळत नाही. आधी डीकनची दीक्षा, तिच्यानंतर निदान सहा महिन्यांनी धर्मगुरूची. एवढ्या वर्षांत कितीक मुले परत घरी येतात. त्यात कुणी कमीपणा मानू नये. “ही हाक माझी नव्हे,” हे कळणे हीसुद्धा पारखच आहे.

जो टिकतो तो आजन्म अविवाहित राहण्याचे आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतो. दीक्षेनंतर गावात तो पहिली मिस्सा म्हणतो, तेव्हा मांडव पडतो, वाजंत्री लागते, गाव जेवते. बघणाऱ्याला वाटावे, लग्नच आहे! एका परीने ते असतेही. फरक इतकाच, की या मांडवातून घरात सून येत नाही. घरातला मुलगाच बाहेर जातो. पुढे दर काही वर्षांनी बदली. ज्या गावात जाईल तिथे रोजची मिस्सा, बारसे, लग्ने, आजाऱ्यांच्या भेटी, शाळेची कामे, भाऊबंदकीची भांडणे आणि स्मशानाची वाट. स्वतःच्या आईच्या दुखण्यात तिच्या उशाशी तोच असेल, अशी खात्री नाही.

चांभार, मास्तर आणि छापखानेवाला

सगळ्याच ख्रिस्ती पंथांची रीत अशी नाही. बाप्टिस्ट पंथात बिशप नसतो. मंडळी स्वतःच आपल्यातल्या माणसाचे प्रवचन ऐकते, त्याची पारख करते आणि त्याला पाळक म्हणून बोलावते. पाळक लग्न करतो, कित्येकदा पोटासाठी दुसरा धंदाही करतो. या पंथाच्या तीन माणसांचे मराठीवर ऋण आहे. विल्यम केरी हा इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टन परगण्यातला चांभार. जोडे शिवता शिवता तो भाषा शिकला, शाळामास्तर झाला, मग पाळक झाला आणि १७९३ साली बंगालात आला. त्याचा सोबती जोशुआ मार्शमन विणकराचा मुलगा, पेशाने मास्तर. तिसरा विल्यम वॉर्ड, छापखान्यातला माणूस. या तिघांनी १८०० साली कलकत्त्याजवळ, डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपुरात ठाणे मांडले. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश छापला. आपल्या भाषेच्या छपाईचा प्रारंभ सांगताना या चांभाराचे नाव टाळता येत नाही.

पण त्याच्या घराची कथा? पत्नी डॉरथी हिंदुस्थानात यायला मुळी राजीच नव्हती. कशीबशी निघाली. १७९४ साली छोटा पीटर वारला, तिचे मन भ्रमिष्ट झाले आणि ते पुन्हा थाऱ्यावर आले नाही. १८०७ साली ती गेली. हाक नवऱ्याला आली होती. किंमत तिने मोजली.

आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे उदाहरण घराघरांत ठाऊक आहे. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराची दोन शकले झाली. ती पुन्हा जुळायला काही वर्षे लागली, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही आपल्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ आपण हसत हसत वाचतो, परंतु त्या हसण्याखाली केवढे दुःख गाडलेले आहे! तात्पर्य, पाळक विवाहित असो वा फादर अविवाहित असो, हाकेची पट्टी भरावी लागते ती घरालाच.

वसईने दिलेली माणसे

आता पुन्हा वसईकडे वळू. येथली परंपरा जुनी आहे. १५५७ च्या सुमारास वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा पोर्तुगीज बापाचा आणि इथल्या आईचा मुलगा. किल्ल्यातल्या जेझुइट पाद्र्यांपाशी तो शिकला आणि त्यांच्याबरोबर जपानला गेला. त्यांच्या संघात यावे ही त्याची इच्छा. पण त्यांनी त्याला घेतले नाही. मग त्याने व्यापार केला, पैसा मिळवला आणि शेवटी सारे सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कनांच्या संघात साधा ब्रदर म्हणून शिरला. जपानी भाषा उत्तम येत असल्याने दुभाष्या म्हणून तो पुन्हा जपानात गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आले, त्यांत तो होता. १८६२ साली त्याला संतपद मिळाले. ज्याला एका दाराने परत पाठवले, तोच भारतभूमीत जन्मलेला पहिला संत ठरला!

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले. ख्रिस्ती मंडळी मात्र इथेच राहिली, आपल्या वाड्या आणि आपली बोली जपून. त्यांच्यातूनच पुढचे धर्मगुरू निघाले. त्यांनी निव्वळ मिस्सा म्हटली असे नव्हे. मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली लोकांच्या बचतीतून सहकारी पतपेढी उभी केली. बी पेरायला, विहीर खणायला, मुलीच्या लग्नाला शेतकऱ्याने सावकाराचा उंबरठा झिजवू नये, हा हेतू. पापडी नाक्यावरची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून आज तीच ओळखली जाते. देवाचा माणूस हिशेबाच्या वह्या घेऊन बसला, यात त्याच्या हाकेला काही बाधा आली नाही.

१९६३ च्या डिसेंबरात रोमच्या धर्मपरिषदेने उपासना लोकभाषेत करण्याची वाट मोकळी केली. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये चाले. वसईच्या फादरांपुढे एकदम केवढे तरी काम उभे राहिले! प्रार्थना, गीते, प्रवचने सारे मराठीत हवे होते, आणि तेही ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडणारे. त्या घडणीच्या काळात सेमिनरीत वाढलेल्या पिढीने मराठीला बरेच काही दिले. भुईगावचे थॉमस डाबरे यांनी तुकोबांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा त्याचे पहिले बिशप तेच झाले. त्यांच्यामागून २००९ साली आलेले आर्चबिशप फेलिक्स मच्याडो हेही वसईचेच. व्हॅटिकनमध्ये त्यांनी सर्वधर्मसंवादाचे काम केले होते. २०२४ साली नेमलेले बिशप थॉमस डिसोजा हेही याच मातीतले.

आणि नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो! १९७२ साली त्यांनी दीक्षा घेतली. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून त्यांनी दोन तपे काढली आणि त्या अंकांतून साऱ्या महाराष्ट्राशी बोलले. १९९० च्या आसपास वसईच्या हिरव्या पट्ट्यावर शहराची कुऱ्हाड येऊ लागली, तेव्हा ‘हरित वसई’च्या चळवळीत ते पुढे उभे राहिले. गुंडगिरीपुढे बोलायला माणसे भीत होती, त्या दिवसांत ते बोलले. ‘सुबोध बायबल’साठी २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्यांना मिळाला. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या मानाच्या जागी बसणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवडीला विरोध झाला, प्रकृती ढासळलेली होती. तरी ते गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा शोक केवळ चर्चच्या आवारात मावणारा नव्हता.

उद्या कोण जाईल?

एवढे सगळे वाचल्यावर एक प्रश्न मनात उभा राहतो, आणि तो ख्रिस्ती कुटुंबांपुरता नाही. ही माणसे ज्या घरांतून आली ती घरे आता कुठे आहेत? वाडीच्या जागी इमारत आली, रहाट थांबला. पाच-सहा मुलांच्या घरात आता एक किंवा दोन मुले. एकुलत्या एका मुलाने आईबापांना येऊन सांगितले, “मला सेमिनरीत जायचे आहे,” तर त्यांनी काय म्हणावे? जुन्या, १९१७ च्या धर्मकायद्यात एक मायेची तरतूद होती : आईबाप गंभीर अडचणीत असतील आणि त्यांना मुलाचाच आधार असेल, तर त्याला संन्यस्त संघात घेऊ नये. म्हणजे देवाच्या हाकेआड घराचे कर्तव्य लपवू नये, हे चर्चलाही उमजत होते.

त्या आईबापांना भाबडे ठरवणे सोपे आहे, स्वार्थी ठरवणे त्याहून सोपे. पण आपल्यापैकी ज्यांचा मुलगा सैन्यात गेला, खेड्यात डॉक्टर म्हणून राहिला किंवा चांगली नोकरी टाकून आदिवासी पाड्यावर शाळा चालवू लागला, त्यांना त्या घरातली शांतता ओळखीची वाटेल. अशा मुलाचा सत्कार गाव करते, छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. सणासुदीला मात्र आई एक ताट कमी मांडते.

माणिकपूरच्या वेदीपाशी पहाटे उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या झग्याकडे म्हणून थोडे निराळ्या नजरेने पाहावे. तो झगा एकट्याने घातलेला नसतो. कुठल्या तरी घराने, एका भावाने आपल्या वाट्याचे ओझे जास्त उचलून, एका बहिणीने म्हाताऱ्यांची सेवा करून, एका आईने डोळे पुसून तो त्याच्या अंगावर चढवलेला असतो. गाव त्याला ‘फादर’ म्हणजे बाप म्हणते, ते त्या घराने आपला मुलगा गावाच्या ओटीत घातला म्हणून.