ॲक्रिलिकमागचा फोटो : काम कसे करावे, काय टाळावे

आम्ही कापडवाले दुकानात साड्यांचे मोठे फोटो लावतो. घरोघरी काबा शरीफची चित्रे लागतात. आता त्यांना काचेच्या फ्रेमऐवजी पारदर्शक ॲक्रिलिक मागितले जाते. ते काचेच्या निम्म्या वजनाचे असते. आपल्या फ्रेमवाल्या बंधूंनी हे काम समजून घ्यावे.

स्वित्झर्लंडमध्ये निघालेल्या डायसेक पद्धतीत फोटो सिलिकॉनने चिकटवतात. लहान कारखान्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पारदर्शक फिल्म सोयीची पडते. शीट कास्ट घ्यावे. एक्स्ट्रूडेड स्वस्त असते, पण लवकर तडकते. शीटवरचा कागद काढताच स्थिर वीज धूळ ओढते आणि एका कणानेही बुडबुडा उठतो. म्हणून पंखा बंद ठेवावा, एका कडेपासून रोलर हळू फिरवावा.

एकदा चिकटलेला फोटो शाबूत निघत नाही. कोणी मरहूम वडिलांचा एकुलता एक फोटो आणला, तर आधी नक्कल काढून तीच चिकटवावी. तयार माल स्पिरिटने किंवा अमोनियाच्या क्लीनरने पुसू नये, बारीक तडे पडतात; मऊ ओले कापड पुरे. हे सारे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. दोष लपवून विकलेल्या मालात बरकत नसते.