परदेशी पाहुणा आणि गावातला पैसा

भिवंडी म्हटले की आठवतो तो यंत्रमागांचा खडखडाट. पण याच तालुक्यात, तानसा नदीच्या काठी, वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गरम पाण्याच्या कुंडांची गावे आहेत. गणेशपुरीला भगवान नित्यानंद १९६१ साली समाधिस्थ झाले. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद १९७० पासून परदेश दौरे करू लागले आणि त्यांच्या मागोमाग अमेरिका-युरोपातले साधक या आडगावी येऊन राहू लागले.

अध्यात्माचा भाग भक्तांवर सोपवू. बँकेच्या खातेवह्यांत हयात गेलेल्या माणसाची नजर जाते ती हिशेबाकडे. भिवंडीच्या कापडाचा तागा बोटीने परदेशी गेला की आपण त्याला निर्यात म्हणतो. परदेशी माणूस इथे येऊन राहिला, जेवला, रिक्षात बसला, तर अर्थशास्त्राच्या वहीत तीही निर्यातच! माल बंदरापर्यंत न्यावा लागत नाही, गिऱ्हाईकच दारात येते. १९९१ साली परकीय चलनासाठी देशाला सोने गहाण ठेवावे लागले होते, हे आठवले म्हणजे त्या डॉलरची किंमत कळते.

मग पर्यटक वाढले की देश श्रीमंत होतो, असे समजायचे का? इतके सरळ नाही. विमान परदेशी कंपनीचे, हॉटेल परदेशी मालकीचे, खाण्यापिण्याच्या जिनसा आयात केलेल्या असल्या, तर आलेल्या पैशातला मोठा हिस्सा आल्या पावली परत जातो. भाजीवाल्याच्या, परटाच्या, खानावळवाल्याच्या हाती पडतो तोच गावात चार हातांतून फिरतो. शिवाय रस्ता, पाणी, स्वच्छता असेल तिथेच पाहुणा पुन्हा येतो. म्हणजे पर्यटनाने विकास होतो, तसे विकासानेही पर्यटन वाढते.

आणि हा पाहुणा बेभरवशाचा. २०१९ साली भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले. २०२० साली कोरोनाने हा आकडा २७ लाखांवर आणला. ज्या घराची चूल केवळ त्यांच्यावर पेटत होती, त्या घराने काय करावे?

वज्रेश्वरीच्या यात्रेला लोटणारी गर्दी आपल्याच मुलखातली असते. तिच्यासाठी रस्ते नीट राखले, कुंडे स्वच्छ ठेवली, बायकांच्या स्नानाची आडोशाची सोय केली, तर परदेशी पाहुणाही सुखाने राहील; आणि एखाद्या वर्षी तो नाही आला, तरी गाव उपाशी राहणार नाही. कर्ज मंजूर करायचे झाले, तर मी याच कामाला आधी करीन.