बी, माती आणि पाण्याचा जोर

कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. तो पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असते, की बी आणि माती चांगली असून भागत नाही. पाण्यानेही साथ द्यावी लागते. कॅन्सरच्या अभ्यासकांचे लक्षही आता अशाच ‘पाण्याकडे’ वळले आहे.

लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये कॅन्सरच्या पेशीला बियाची आणि अवयवाला मातीची उपमा दिली. बी सगळीकडे पडते, रुजते मात्र मानवणाऱ्या मातीतच. पण ही पेशी दुसऱ्या अवयवापर्यंत जाते ती बहुधा शरीरातल्या द्रवांतून. अनेक गाठींमध्ये आतला दाब भोवतीपेक्षा जास्त असतो. त्यामुळे द्रव बाहेर झिरपतो आणि पेशींना लसीकावाहिन्यांकडे जायला वाट मिळते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या लसीकाग्रंथी तपासतात त्या म्हणूनच. रक्तात शिरलेल्या बहुतेक पेशी प्रवाहाच्या ताणाने आणि प्रतिकारशक्तीच्या माऱ्याने मरतात. तगून राहतात त्या थोड्या धोकादायक.

दाट द्रवात पेशी मंदावतील, असे कुणालाही वाटेल. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांना उलटेच आढळले. ‘नेचर’मध्ये २०२२ साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात दाट द्रवातल्या पेशी अधिक वेगाने सरकल्या. दाटपणामुळे पेशीच्या आवरणातले ‘टीआरपीव्ही४’ नावाचे सूक्ष्म दार उघडते, कॅल्शियम आत शिरते आणि हालचाल वाढते.

पेशीची अशी दारे अडवता येतील का? मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या, सोडियमच्या दारांबाबत हा विचार केला. स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे भुलीचे स्वस्त औषध टोचले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,५८३ रुग्णांच्या निष्कर्षांत पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले.

यावरून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. दाटपणाचे हे संशोधन अजून प्रयोगशाळेतच आहे. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या भीतीने गाठीची तपासणीही टाळू नये. सुईमुळे आजार पसरणे फार दुर्मीळ आहे. गाठ चोळत, लेप लावत घालवलेले महिने मात्र महागात पडतात. गाठ हाताला लागली, की त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावी.