माढ्याचे विद्यार्थी आणि त्यांचे विषय

जून महिना उजाडला, की माढा तालुक्यातील घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : पोराने आता कोणते विषय घ्यावेत? विज्ञानशाखेची वाट खर्चाची, वाणिज्यशाखेची हिशेबाची. ज्याला या दोन्ही वाटा परवडत नाहीत किंवा मानवत नाहीत, तो कलाशाखेकडे वळतो. तेथे मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, मानसशास्त्र ही नावे त्याच्यापुढे येतात आणि मित्राने जे घेतले तेच बहुधा तोही घेतो. मुलगी असेल आणि घराला लवकर आधार हवा असेल, तर परिचारिकेच्या शिक्षणाचा विचार होतो. परिचारिका झाली तर पोटापुरते मिळेल, बी.ए. होऊन काय मिळणार, असा रोकडा हिशेब पालक मांडतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु या हिशेबात एक गोष्ट निसटते. या दोन शिक्षणांतील खरा फरक केवळ नोकरीचा नाही. तो शिकण्याच्या रीतीचा आहे.

परिचर्येच्या विद्यार्थिनीला पुस्तक पाठ करून सुटका नसते. सकाळी वर्गात जखमेवरील मलमपट्टीचा पाठ झाला, तर पुढे वॉर्डात जाऊन ती प्रत्यक्ष करावी लागते. किती तास वॉर्डात काढले, किती प्रसूती हाताळल्या, याची नोंद ठेवावी लागते आणि त्या नोंदीवर शिकविणाऱ्यांची सही लागते. खाटेवरचा रुग्ण अपेक्षित प्रश्नसंचातून प्रश्न विचारीत नाही. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने स्त्रिया हे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा समाजाने नाके मुरडली होती. पुढे त्याच समाजाला या स्त्रियांची योग्यता मान्य करावी लागली, कारण त्यांचे ज्ञान हातांत उतरलेले होते.

कलाशाखेत याच्या उलट घडते. वर्षाचा पूर्वार्ध प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि एस.टी.च्या फेऱ्या यांत जातो. उत्तरार्धात गाईड हाती येते. अठराशे सत्तावन्नच्या उठावाची दहा कारणे मुलगा घडाघडा लिहितो. मात्र तहसील कचेरीत द्यावयाचा अर्ज त्याला दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागतो. यात विद्यार्थ्याचा आळस कमी आणि व्यवस्थेचा दोष अधिक आहे. तासिका तत्त्वावर नेमलेला प्राध्यापक एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावत असेल, तर त्याने मुलांना वर्गाबाहेर न्यावे कधी?

वस्तुतः या तालुक्यात वर्गाबाहेर पडले, की विषय पावलोपावली भेटतात. मोडनिंबजवळचे अरण हे संत सावता माळ्यांचे गाव. संतसाहित्यावरील प्रश्नाच्या उत्तरात त्यांचे नाव दोन ओळींत येऊन जाते. पण मळ्यातील भाजीपाल्यातच विठ्ठल पाहणारा हा संत पंढरपूर इतके जवळ असताना आपले काम सोडून वारीला का गेला नाही, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे. पंढरपूरहून देवाची पालखीच अरणला येते, ही परंपरा त्या प्रश्नाचे लोकांनी दिलेले उत्तर आहे. याच तालुक्यातील लऊळ येथे कूर्मदासांची समाधी आहे. हातपाय नसलेला हा भक्त पंढरीच्या वाटेवर येथपर्यंत आला आणि देव त्याला भेटायला पुढे आला, अशी कथा सांगतात. गावातल्या वृद्धांच्या तोंडून या कथा उतरवून घेणे आणि त्यांतील भाषा तपासणे, हा मराठी विषयाचा अभ्यास नव्हे काय?

इतिहासाचेही तसेच. माढ्याचा भुईकोट रावरंभा निंबाळकरांच्या नावाशी जोडलेला आहे. कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ साली अरुंद रुळांची बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोहोचली. १९५४ साली ती सरकारने ताब्यात घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे रूळ रुंद झाले. या गाडीने वारकरी वाहिले, माल वाहिला आणि कुर्डुवाडीच्या कारखान्यात कामगारांच्या पिढ्या घडविल्या. सोलापुरात मे १९३० मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्याला फासावर गेले. जिल्ह्याचा असा इतिहास असताना इतिहास हा विषय कंटाळवाणा ठरावा, हे शिकविण्याचे अपयश आहे.

राज्यशास्त्राला तर प्रयोगशाळा शोधण्याचीही गरज नाही. उजनी हे गाव याच तालुक्यातले. १९८० साली भीमेवर तेथे धरण पूर्ण झाले. इंदापूर-करमाळ्याकडील गावे पाण्याखाली गेली आणि खालच्या रानांत ऊस उभा राहिला. कोणाची जमीन गेली, कोणाला पाणी मिळाले आणि तो निर्णय कोणी घेतला, या तीन प्रश्नांत शासनसंस्थेचे अर्धे शास्त्र सामावलेले आहे. अठरा वर्षे पूर्ण होऊन मतदार झालेल्या विद्यार्थ्याला ग्रामसभेत बसण्याचा हक्क आहे. पंचायत राज्यावर वीस गुणांचे उत्तर लिहिणाऱ्यांपैकी किती जण तेथे बसले आहेत?

मानसशास्त्राचा विद्यार्थी प्रात्यक्षिकाच्या तासाला स्मरणाचे व अवधानाचे प्रयोग करतो आणि वहीत आकडे भरतो. घरी मात्र कर्जाने खचलेला चुलता रात्ररात्र जागतो आणि त्याला बाधा झाली म्हणून अंगारा लावला जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून मनाच्या आजारावर उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. हे चुलत्याच्या घरी जाऊन समजावणारा मुलगा त्या विषयाचा खरा विद्यार्थी होय.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने क्षेत्रप्रकल्पांना श्रेयांक देऊन या वाटेचे दार उघडले आहे. पण भय असे, की गाईडच्या जागी प्रकल्पाची तयार फाईल येईल आणि झेरॉक्सच्या दुकानातून ती वर्षानुवर्षे फिरत राहील. हे टाळावयाचे तर परिचर्येच्या शिक्षणातील नियम येथेही आणावा लागेल : काम प्रत्यक्ष पाहिल्यावाचून सही नाही. त्यासाठी प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि आहे त्या वेळातील काही तास गावासाठी राखणे हे शिक्षकांचे.

लहान गावात हे कसे जमावे, ही शंका माढ्याने तरी काढू नये. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याचा त्यांचा प्रयोग याच तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत सुरू झाला होता.

विषय कोणता घेतला यावर नोकरी काही अंशी अवलंबून असेल; शहाणपण मात्र तो कसा शिकला यावर अवलंबून असते. सावता माळ्यांना आपला मळा सोडून देव शोधावा लागला नाही. माढ्याच्या विद्यार्थ्यालाही आपला विषय शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. त्याला बोट धरून गावापर्यंत नेणारा शिक्षक तेवढा हवा.