स्विचचा आयपी पत्ता: ऐकीव काय, खरं काय

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. पुढे तिचंच नाव भारतनेट झालं. फायबर मात्र कचेरीच्या भिंतीपर्यंतच येते. आतले संगणक, प्रिंटर, कॅमेरे जोडण्याचं काम ज्याचं त्याने करून घ्यायचं असतं. भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीसारख्या गावात त्यासाठी बहुधा साकोली किंवा भंडाऱ्याहून माणूस बोलवावा लागतो. तो काम करून जातो आणि मागे राहतो पेटीतला मॅनेज्ड स्विच. त्याच्या आयपी पत्त्याविषयी मात्र सांगोवांगीच्याच गोष्टी जास्त.

पहिली आणि सगळ्यात पक्की बसलेली: स्विचला आयपी दिला नाही तर नेट चालणार नाही. हे खरं नाही. आलेला डेटा कोणत्या पोर्टकडे सोडायचा, हे साधा लेयर-२ स्विच समोरच्या यंत्राच्या मॅक पत्त्यावरून ठरवतो. वीज दिली, केबल खोचल्या की तो कामाला लागतो. आयपी पत्ता असतो तो स्विच सांभाळणाऱ्या माणसासाठी. म्हणूनच २४ पोर्टना २४ पत्ते लागत नाहीत. देखभालीसाठी एकच पुरतो, आणि तो पोर्टला नव्हे, व्हीलॅनला, म्हणजे स्विचमधल्या आभासी जाळ्याला, दिला जातो.

मग द्यायचाच कशाला? सानगडीत तर तो द्यायलाच हवा. पत्ता असेल आणि दूरवरून आत येण्याची सुरक्षित सोय केलेली असेल, तर कोणता पोर्ट बंद पडला, कुठली केबल सैल झाली हे तंत्रज्ञाला साकोलीत बसून दिसतं. नाहीतर एका केबलसाठी त्याची वाट बघत दिवस जातो.

‘स्विचचं पान उघडतच नाही, म्हणजे माल खराब निघाला’ अशी तक्रारही नेहमीची. बहुतेक वेळा दोष स्विचचा नसतो. डी-लिंकच्या बऱ्याच स्विचना कारखान्यातून १०.९०.९०.९० हा पत्ता येतो, टीपी-लिंकच्या अनेक स्विचना १९२.१६८.०.१. लॅपटॉप १९२.१६८.१ च्या गटात असेल तर यांतला एकही थेट सापडणार नाही. स्विच डी-लिंकचा असेल तर आधी लॅपटॉपला हाताने १०.९०.९०.९१ द्यायचा, मास्क २५५.०.०.०, मगच ब्राउझर उघडायचा. आत जाऊन स्विचचा पत्ता बदलला की समोरचं पान अडकतं. इथे घाबरून वीज बंद करणारे पुष्कळ. पान अडकणारच, कारण जुना पत्ता उरलेलाच नसतो. लॅपटॉप नव्या गटात आणा आणि नव्या पत्त्यावर जा.

नवा पत्ता निवडताना ‘कुठलाही मोकळा आकडा चालतो’ हे मात्र महागात पडतं. १९२.१६८.१.१ हा बहुधा राउटरचा असतो. तोच स्विचला दिला तर संगणक कधी राउटर गाठतात, कधी स्विचवर जाऊन अडकतात. नेट येतं-जातं आणि बोल फायबरला लागतो. डीएचसीपी आपोआप वाटतं त्या पत्त्यांतलाही घेऊ नये. शेवटच्या आकड्याचं वाटप १०० ते २०० असेल तर स्विचला १० द्या. हे पत्ते कंपनीकडून विकत घ्यावे लागत नाहीत. १९२.१६८, १० आणि १७२.१६ ते १७२.३१ यांनी सुरू होणारे गट १९९४ पासून खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत, फुकट.

स्विचमधला डिफॉल्ट गेटवे चुकला म्हणून संगणकांचं नेट बंद पडत नाही. संगणक आपापला गेटवे वापरतात. चुकलेल्या गेटवेमुळे फक्त बाहेरच्या जाळ्यातून स्विचपर्यंत पोहोचता येत नाही.

सर्वांत घातक समज: अप्लाय दाबलं, झालं. अनेक स्विचमध्ये अप्लायने सेटिंग चालू होते, पण ती तात्पुरत्या स्मृतीत राहते. वीज गेली की सगळं पूर्ववत. सेव्हचं वेगळं बटण दाबावं लागतं. सिस्कोच्या कन्सोलवर ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी लागते. पावसाळ्यात लाइन वारंवार जाते तिथे ही पायरी चुकली तर केलेलं काम फुकट. सेव्ह केल्यावर, तंत्रज्ञ समोर असतानाच, स्विच एकदा बंद करून चालू करून बघा.

खासगी पत्ता बाहेरून दिसत नाही म्हणून पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’च ठेवणाऱ्यांना एवढंच सांगायचं: पाहुण्याने भिंतीवरच्या मोकळ्या पोर्टला लॅपटॉप लावला की तो आतलाच. पासवर्ड बदला, टेलनेट बंद करून एसएसएच वापरा.

आणि तंत्रज्ञाला निरोप देण्याआधी स्विचचा पत्ता, मास्क, गेटवे आणि बदलाची तारीख कचेरीच्या नोंदवहीत लिहून घ्या. पासवर्ड वेगळ्या पाकिटात, जबाबदार माणसाकडे ठेवा.