गिटार केव्हा बदलावी?

दवाखाना मिटल्यावर तासभर गिटार वाजवण्याचा छंद मी जोपासला आहे. त्यामुळे ‘आता भारी गिटार घ्यावी काय?’ असा प्रश्न समव्यवसायी स्नेही मला विचारतात. माझे उत्तर वैद्यकीयच असते : आधी निदान, मग उपचार.

प्रथम जुन्या तारा बदलाव्यात. बाराव्या पडद्यापाशी जाड तार ३ मिलिमीटरहून फार वर असेल, तर बोटे दुखतात आणि नवशिका स्वतःलाच दोष देत वादन सोडतो. कुशल कारागिराने ब्रिजवरची पट्टी घासून दिली की बहुधा हे दुखणे बरे होते.

इतके करूनही वरच्या पडद्यांवर स्वर ढळत असतील, किंवा हलके छेडा वा जोराने, नाद सारखाच सपाट येत असेल, तर मर्यादा वाद्याची समजावी. मग प्लायवुडऐवजी अखंड स्प्रूसची दर्शनी फळी असलेली गिटार घ्यावी. नादाचे मर्म त्या फळीतच असते; हे दाखवण्यासाठी स्पेनच्या अंतोनियो तोर्रेस यांनी १८६२ मध्ये पाठ व बाजू पुठ्ठ्याच्या करून गिटार घडवली होती.

मात्र अखंड लाकूड दमट हवेत फुगते. आपल्या गोव्याच्या पावसाळ्यात ती पेटीतच, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.