पाणी दाराकडे का येतं?

सेलूतल्या आमच्या घरी बाथरूमला नवी फरशी बसली, भिंतींना वरपर्यंत टाईल्स लागल्या, आणि पहिल्याच आंघोळीचं पाणी जाळीकडे जायचं सोडून उंबऱ्याशी येऊन थांबलं. घरात सासूबाई आहेत, वय ऐंशीच्या पुढे. त्यांचं पाऊल रोज त्याच ओल्या जागी पडणार होतं. म्हणून हे प्रकरण मला पैशापुरतं वाटलं नाही.

मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, ‘‘मॅडम, वायपरनं ओढलं की झालं. समद्यांच्या घरी असंच असतंय.’’ बहुतेकांची तक्रार इथेच विरते. ‘काम बेकार केलं’ म्हटलं की मिस्त्री दुखावतो, आपण चिडतो आणि फरशी आहे तिथेच राहते. मी वर्गात वर्षानुवर्षं गणित शिकवलं आहे. चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली ते दाखवलं तर पोरगं वाद घालत नाही. मिस्त्रींशीही तसंच बोलायचं ठरवलं.

ढाळ सुतात मोजतात. आठ सूत म्हणजे एक इंच. न्हाणीला फुटाला एक ते दोन सूत ढाळ हवा. दार ते जाळी पाच फूट अंतर असेल तर दाराकडची फरशी निदान पाच सूत उंच पाहिजे, दहा सूत असली तर उत्तमच. मोजायला पारदर्शक लेव्हल पाईप पुरतो. पाईपात पाणी भरून एक टोक दाराशी धरायचं, दुसरं जाळीशी. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत राहतं. तिथून खाली फरशीपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. आमच्याकडे हे अंतर दाराशी जास्त भरलं. म्हणजे दारच खाली होतं. टेप मिस्त्रींनी स्वतःच्या हातात धरला होता, त्यामुळे आकड्यावर वाद झाला नाही.

असं का होतं, तेही त्यांच्याच तोंडून कळलं. हल्ली दुकानात दोन फूट बाय दोन फुटांची टाईल सगळ्यांना आवडते. खोलीत ती शोभते. पण न्हाणीत जाळी मधे असेल तर चारही बाजूंनी ढाळ द्यावा लागतो, आणि एवढी मोठी कडक टाईल चार दिशांना वाकत नाही. मग ती सपाट बसते, नाहीतर जाळीभोवती तिरकी कापावी लागते. कापायला वेळ लागतो, आणि उक्त्या कामात वेळ म्हणजे मिस्त्रींच्या खिशातले पैसे. फूटभराची किंवा त्याहून लहान टाईल घेतली, किंवा जाळी भिंतीच्या कडेला घेऊन ढाळ एकाच दिशेला ठेवला, तर काम सोपं होतं. एक मात्र पक्कं: ढाळ टाईलखालच्या मालात आधी तयार करावा लागतो. वरून ग्राउट किंवा व्हाइट सिमेंट भरून तो कधीच येत नाही. ‘नंतर अ‍ॅडजस्ट करतो’ असं कोणी म्हणालं तर काम तिथेच थांबवावं.

दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो. नाण्याने किंवा लाकडी दांड्याने प्रत्येक टाईलवर हलकं ठोकून पाहायचं. भरीव आवाज आला तर खाली माल भरलेला आहे. ढबढब वाजलं तर पोकळी आहे. टाईलच्या पाठीला चार कोपऱ्यांत आणि मधे मालाचे गोळे लावून ती भिंतीवर दाबायची, ही घाईची रीत पोकळीचं मुख्य कारण. दुसरं कारण परभणीच्या उन्हाळ्यातलं. भिंतीवरची सिरॅमिक टाईल स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी पिते. मे महिन्यात उन्हात तापलेली टाईल न भिजवता सिमेंटवर लावली, की ती सिमेंटमधलं पाणी ओढून घेते आणि माल जोर धरायच्या आतच सुकतो. व्हिट्रिफाइड टाईलची गोष्ट उलटी. ती जवळपास पाणी पीतच नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या स्लरीची पकड तिला नीट बसत नाही. तिला टाईलचं अ‍ॅडहेसिव्ह लागतं. त्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५४७७ हे मानक आहे. पोतं घेताना ते छापलेलं पाहावं.

एखादा कोपरा पोकळ वाजला म्हणून टाईल फोडायला लावू नये, असं माझं मत आहे. पण अर्धीअधिक टाईल ढबढब वाजत असेल, किंवा जिथे भरलेली बादली ठेवतो तिथली वाजत असेल, तर ती काढून पुन्हा बसवून घ्यावी.

मिस्त्रींचा दोष नसलेल्या गोष्टीही त्यांच्या माथी मारल्या जातात. आपल्या जिल्ह्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते. पाया उथळ असेल तर भिंत हलते. एक तिरपी चीर चार टाईल्स ओलांडून बाजूच्या प्लास्टरमध्ये गेली असेल, तर ती पायाची तक्रार आहे. नव्या टाईल्स लावून ती मिटत नाही. बोअरचं पाणी जड असतं, त्याचे पांढरे डाग घालवायला आपण अ‍ॅसिड ओततो. ते डागाबरोबर सांध्यातलं सिमेंटही खातं, आणि उघड्या सांध्यातून पाणी खाली उतरतं. गुळगुळीत चकाकणारी टाईल तर आपणच निवडलेली असते. आमच्या जुन्या न्हाणीत खडबडीत शहाबादी फरशी होती. ती दिसायला साधी होती, पण तिच्यावर सासूबाईंचा पाय कधी सरकला नाही.

आता पैशाचं. आमचं काम उक्तं होतं, आणि शेवटचा हप्ता द्यायचा राहिला होता. तो मी थांबवला. पण बिगाऱ्याचा रोज आधी चुकता करायला लावला. ज्याने पाटीभर माल वाहिला त्याचा ढाळाशी काय संबंध? त्याच्या घरची चूल त्या रोजावर पेटते. पैसे अडवताना एवढा विवेक प्रत्येकाने ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. मग एका कागदावर तीन ओळी लिहिल्या: कुठे काय चुकलं, काय पुन्हा करायचं, कधीपर्यंत. दोघांच्या सह्या झाल्या. मजुरी त्यांची, फुटणाऱ्या टाईल्सचा खर्च अर्धा-अर्धा. मिस्त्रींनी दारापासून जाळीपर्यंतची फरशी उचलली आणि टाईल लावण्याआधी नुसत्या मालावर पाणी ओतून मला दाखवलं. पाणी सरळ जाळीत गेलं.

सगळीकडे असं समजुतीने मिटत नाही. १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही ‘सेवा’ मानली. त्यामुळे सदोष कामाची तक्रार ग्राहक म्हणून करता येते. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती वाट आणखी सोपी केली. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे आपल्याला परभणीलाच, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. कामाचा मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावायची सक्तीही नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर विचारता येतं. पण ही वाट उक्तं काम घेणाऱ्या ठेकेदारासाठी आहे. आपल्या देखरेखीखाली रोजावर राबणाऱ्या माणसाला तिथे खेचता येत नाही. आणि आयोगापुढेही मोजमापच लागतं: तारखेसह फोटो, फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद, मेसेज, सह्यांचा कागद. ठरलेला दर नुसत्या तोंडी बोलीवर असेल तर सिद्ध करताना दमछाक होते. वरच्या मजल्यावर न्हाणी असेल तर टाईल लावण्याआधी जाळी बंद करून चोवीस तास पाणी साठवून ठेवावं आणि खालच्या छताला ओल येते का, तेही फोटोसह नोंदवावं.

दुरुस्तीत आम्हाला खरी अडचण आली ती टाईल्सची. तीच कंपनी, तेच डिझाइन मिळालं, पण रंगात फरक पडला, कारण खोक्यावरचा शेड आणि लॉट नंबर वेगळा होता. सुदैवाने दिरांनी पहिल्या मालातलं एक न उघडलेलं खोकं माडीवर ठेवलं होतं. त्यातल्याच टाईल्स लागल्या. उरलेलं खोकं दुकानदार परत घेतो म्हणाला तरी देऊ नका, आणि त्यावरच्या नंबराचा फोटो बिलाबरोबर ठेवा.